रेकॉर्ड उडते, स्पीकर घुमतो: प्लेअर उघडण्याआधी स्टँड तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: रेकॉर्ड प्लेअर बिघडलाय, कुणी चांगला मेकॅनिक माहीत आहे का? जाऊन बघावं तर प्लेअर ठणठणीत असतो. खालचं स्टँड मात्र कुठल्या तरी पाडलेल्या चाळीतल्या दरवाजाचं, शिलाई मशीनच्या पायांचं किंवा गोदामातल्या लोखंडी अँगलचं असतं. त्यात वाईट काहीच नाही. मुंबईत पुनर्विकासाच्या कृपेने जुनं सागवान इतकं निघतंय की नवं लाकूड विकत घेऊन स्टँड करणं मला पैशांची उधळपट्टी वाटते. गडबड होते ती स्टँडला वजन पेलणारं टेबल समजल्यामुळे. वजन काय, कोणतंही टेबल पेलतं. प्लेअरच्या स्टँडने आडवं डोलायचं नाही आणि स्पीकरचा हादरा सुईपर्यंत पोचू द्यायचा नाही, हे त्याचं खरं काम.

म्हणून आधी हादरा कुठून येतो ते शोधायचं आणि मगच खिशात हात घालायचा. जमिनीतून येतो, हवेतून येतो, की प्लेअरच्याच आतून? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर त्रास वाढतो.

लक्षणं

- कुणी चालत गेलं, दार आपटलं, मूल पलंगावरून उतरलं की सुई उडते. सगळे बसून असले की रेकॉर्ड शेवटपर्यंत नीट वाजते.
- आवाज वाढवला की खालच्या पट्टीत घूंऽऽ सुरू होतं आणि आपोआप वाढत जातं. आवाज उतरवला की गायब.
- खर्ज गढूळ ऐकू येतो. तबल्यातल्या डग्ग्याची थाप आणि नुसती धमक यातला फरक कळत नाही.
- गाणं नसलेल्या जागेतही वूफरचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा, कागद पुढेमागे हलताना दिसतो.
- एकसुरी हम्म, आवाज कमी-जास्त केला तरी स्वभाव तोच.
- सुई सारखी आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला घसरते, विशेषतः शेवटच्या गाण्यात.
- त्रास जूनमध्ये सुरू होतो आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप कमी होतो.

यातली काही लक्षणं स्टँडची नसतातच, ती आधीच बाजूला काढा. एकच रेकॉर्ड एकाच ओळीवर अडकत असेल तर तो ओरखडा आहे. दर फेरीला एकदा ठप्प होत असेल तर रेकॉर्ड वाकलेली आहे: ३३⅓ च्या वेगाला एक फेरी १.८ सेकंदांची, घड्याळ लावून मोजता येते. ७८ ची तबकडी खरखरत आणि घसरत वाजत असेल तर सुई कोणती लावली आहे ते बघा. त्या तबकड्यांची खाच रुंद असते, एलपीची, म्हणजे ३३⅓ वाल्या रेकॉर्डची, बारीक सुई तिच्या तळाशी भरकटते. आणि अमेरिकेतून कुणी आणून दिलेला प्लेअर सगळीच गाणी जड, मंद आवाजात वाजवत असेल तर त्याची मोटर ६० हर्ट्झसाठी बनवलेली आहे. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर ती एक षष्ठांशाने हळू फिरते. तिथे स्टँडला दोष देऊन उपयोग नाही, पुली बदलावी लागते.

एकही पैसा न लागणाऱ्या तपासण्या

सगळ्यात आधी प्लेअरचं पारदर्शक झाकण काढून ठेवा आणि तीच रेकॉर्ड त्याच आवाजात परत लावा. झाकण मोठं आणि पातळ असतं, स्पीकरचा खर्ज त्याच्यावर आदळतो आणि बिजागरीतून थेट प्लेअरच्या पेटीत उतरतो. झाकण काढल्यावर गढूळपणा कमी झाला तर हादरा हवेतून येतोय हे पाच मिनिटांत कळलं.

मग ट्रान्झिट स्क्रू. गॅरार्ड, ड्युअल अशा जुन्या प्लेअरांची सगळी यंत्रणा पेटीत स्प्रिंगवर बसवलेली असते. वाहतुकीत ती हिंदकळू नये म्हणून दोन-तीन स्क्रूंनी ती आवळून ठेवतात. चोरबाजारातून किंवा नातेवाइकाच्या माळ्यावरून आलेल्या प्लेअरचे हे स्क्रू कित्येकदा कुणी सोडवलेलेच नसतात. वरच्या पत्र्यावर बोटाने अलगद दाब द्या. यंत्रणा खाली जाऊन परत वर आली पाहिजे. दगडासारखी घट्ट असेल तर स्क्रू सोडवा. स्टँड करायला घेण्याआधी हे केलंच पाहिजे, कारण स्प्रिंग बांधलेल्या असतील तर जगातलं कुठलंही स्टँड पुरणार नाही.

सुई मऊ ब्रशने मागून पुढे झाडा. सुईवर धुळीचा गोळा बसला तर ती खाचेत पूर्ण उतरत नाही आणि जरा धक्का लागला की सुटते. सुईचा दाबही पाहून घ्या. दाब वाढवायला लोक घाबरतात, पण कमी दाबाची सुई खाचेत नीट धरत नाही, उडते आणि रेकॉर्ड जास्त खराब करते. कार्ट्रिज (सुई ज्यात बसते ती डबी) बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत, तिच्या वरच्या टोकाकडे ठेवा. मॅग्नेटिक कार्ट्रिजला बहुधा १.५ ते ३ ग्रॅमच्या आतबाहेर, जुन्या सिरॅमिकला त्याहून बराच जास्त लागतो.

आता स्पीकर. ते त्याच स्टँडवर असतील तर उचलून खुर्चीवर ठेवा आणि ऐका. दहा बाय बाराच्या खोलीत सगळं एकाच शोकेसमध्ये कोंबलेलं असतं हे मला माहीत आहे, जागाच नसते. तरी तपासणीपुरतं तरी हलवा. मी पाहिलेल्या घुमण्याच्या तक्रारींतल्या बहुतेक इथेच संपतात. सूटकेससारख्या पोर्टेबल प्लेअरमध्ये स्पीकर पेटीतच असतो. तिथे ही वाट बंद करता येत नाही, आवाज मर्यादेत ठेवणं एवढंच हातात आहे.

मुंबईत आणखी एक गुन्हेगार असतो, तो म्हणजे ११० व्होल्टच्या सेटसाठी घेतलेला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. तो स्टँडच्या खालच्या फळीवर बसून दिवसभर गुणगुणतो. त्याची थरथर लाकडातून वर जाते आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमध्ये हम्म सोडतं. त्याला हातभर लांब, जमिनीवर ठेवा.

हे सगळं करूनही त्रास राहिला तर दोन चाचण्या घ्या.

पहिली हेडफोनची. स्पीकर बंद करून हेडफोन लावा. हम्म तसाच ऐकू येत असेल तर तो विजेचा आहे: अर्थची बारीक तार सुटली असेल किंवा पिन सैल असेल, स्टँडचा संबंध नाही. हेडफोनवर सगळं शांत आणि स्पीकरवर घुमतं, तर हादरा परत फिरून येतोय.

दुसरी थांबलेल्या रेकॉर्डची. मोटर बंद ठेवा, रेकॉर्ड थाळीवर, सुई रेकॉर्डवर टेकवलेली. अँप्लिफायर फोनोवर (प्लेअरच्या जोडणीवर), आवाज शून्यावर. आता नॉबवरचा हात न सोडता हळूहळू आवाज वाढवा. नेहमी ऐकता त्याच्या थोडं पुढे जाईपर्यंत घुमलं नाही तर हवेची वाट ठीक आहे. घुमायला लागलं तर त्याच क्षणी खाली आणा, कारण हा आवाज स्वतःला वाढवत नेतो आणि वूफरची कॉइल जाळू शकतो. मग मध्यम आवाजावर स्टँडच्या पायावर बोटाच्या पेराने हलकं ठोका. स्पीकरमधून छोटा, कोरडा ठक आला तर बरं. लांबणारा धमाऽऽ आला तर स्टँड गातंय. कोणत्या भागावर ठोकल्यावर तो सर्वात लांबतो ते खडूने खूण करून ठेवा. पुढे याच खुणेवर काम करायचं आहे.

पाणसळ, आणि चौथा पाय

पाणसळ थाळीवर ठेवा, स्टँडच्या फळीवर नाही. एकदा उभी, एकदा आडवी. सुतारांकडे असते ती मोठी नको, हार्डवेअरच्या दुकानातली बोटभर लांबीची पुरते. थाळी कलती असेल तर आर्म, म्हणजे सुईचा दांडा, उताराकडे ओढला जातो. शेवटच्या गाण्यात घसरणाऱ्या सुईचं हे सर्वात स्वस्त कारण आहे. मोबाइलमधली लेव्हल ढोबळ अंदाजाला ठीक, पण कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे ती फसवते.

चार पायांचं कोणतंही स्टँड तीनच पायांवर उभं असतं, चौथा हवेत किंवा नुसता टेकलेला. प्रत्येक पायाखाली वर्तमानपत्राचा कागद सरकवून पाहा, जिथे सहज जातो तो पाय लबाड. घडी केलेला पुठ्ठा पावसाळ्यात दबतो आणि महिनाभरात जैसे थे होतं. त्याऐवजी पायाच्या तळाला टी-नट (लाकडात रुतणारा दातेरी नट) ठोकून त्यात उंची फिरवून जुळवता येणारा बोल्ट बसवा. नागदेवी स्ट्रीटला हे सुटे मिळतात. नवीनच स्टँड करत असाल तर तीन पायांचं करा. मुंबईतल्या कुठल्याही जमिनीवर ते डगमगत नाही.

पायाखालची टाइलही नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजली तर तो पाय दुसऱ्या टाइलवर न्या. पोकळ टाइलवर उभा राहिलेला पाय कितीही बोल्ट लावले तरी दबत राहतो.

जागा बदलणं

गिरगाव, परळ, दादर इथल्या जुन्या इमारतींत जमीन लाकडी तुळयांवरच्या फळ्यांची असते. अशी जमीन पावलाच्या धक्क्याने दहा हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली डोलते, आणि प्लेअरचा आर्म कार्ट्रिजसकट नेमका ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये स्वतःहून डोलणारा असतो. दोघांची गाठ पडली की सुई खाचेबाहेर. म्हणून चाळीत सुई उडते आणि त्याच माणसाने तेच स्टँड विरारच्या फ्लॅटमध्ये नेलं की काही होत नाही. स्लॅबची जमीन पावलाने इतकी हलत नाही.

लाकडी जमिनीवर स्टँड खोलीच्या मध्यात किंवा जाण्यायेण्याच्या वाटेवर नको. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे ती सर्वात कमी हलते, म्हणून स्टँड त्या भिंतीला लागून ठेवा. तुळया कोणत्या दिशेने गेल्यात ते खिळ्यांच्या ओळीवरून कळतं: फळ्यांवर खिळ्यांची जी सरळ रांग दिसते, तिच्या खाली तुळई. स्टँडचे पाय शक्यतो त्या रांगेवर आले पाहिजेत, दोन तुळयांच्या मधल्या फळीवर नाही.

आणि खालच्या बिऱ्हाडाकडे लक्ष द्या. तुमच्या पायाखालची तुळई म्हणजे त्यांचं छत, आणि त्यांचा पंखा त्याच तुळईच्या हुकाला लटकलेला असतो. पंख्याचं पातं जरा वाकडं असलं की त्याची लय तुमच्या वूफरच्या कागदावर दिसते. खाली जाऊन, “काकू, पाच मिनिटं पंखा बंद ठेवता का, एक बघायचंय,” एवढं विचारायला लाज वाटू देऊ नका. बंद केल्यावर कागद थांबला तर स्टँड पुढच्या तुळईवर सरकवणं हाच उपाय. काकूंना नवा पंखा घ्यायला सांगणं हा दुसरा उपाय आहे, पण तो मी कधी सुचवलेला नाही.

लोकलच्या रुळांलगतच्या किंवा शेजारी पायलिंग चालू असलेल्या इमारतीत हादरा इमारतीच्याच पायातून वर येतो. तिथे जागा बदलून फारसा फरक पडत नाही, खालच्या वजन आणि रबराच्या भागाकडे वळा.

आडवं डोलणं: इथेच बहुतेक स्टँड नापास होतात

स्टँडच्या वरच्या कडेला एका बोटाने आडवा धक्का द्या आणि सोडा. ते एकदा हलून थांबलं तर ठीक. दोन-तीनदा डोललं तर तुमचा आजार सापडला. घरगुती स्टँड वरून येणारं वजन मजेत पेलतात, पण चौकोनाचा समांतरभुज व्हायला त्यांना जराही वेळ लागत नाही. मागच्या बाजूचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक असेल तर चौकट आधीच कलंडलेली आहे. गुण्या लावून ती सरळ करा आणि मगच आवळा.

स्वस्तात स्वस्त इलाज म्हणजे पाठीला ६ मिलिमीटरचं प्लाय पूर्ण लावून सगळ्या कडांना चार-चार इंचांवर स्क्रू मारणं. तेवढ्याने स्टँडचं आडवं डोलणं जवळजवळ संपतं. कारण आता चौकट वाकायची तर त्या प्लायला स्वतःच्याच पातळीत दुमडावं लागेल, आणि तसं ते दुमडत नाही. वायरी आणि हवा यांच्यासाठी खाली थोडी फट सोडा. पाठ बंद करायची नसेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी पट्टी मारा. सुताराला हे सांगितलं की तो “साहेब, दिसायला बरं नाही दिसणार” म्हणतो. मागे दिसतंय कुणाला?

शिलाई मशीनचे बिडाचे पाय फार सुंदर दिसतात म्हणून लोक आवडीने घेतात. त्यांच्या तीन गोष्टी तपासा. तळाला चाकं असतील तर काढून टाका. दोन पायांना जोडणारा मधला आडवा भाग ज्या बोल्टांनी बांधलाय ते गंजून झिजलेले असतात, नवे बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर घाला. पायाने हलवायचं पॅडल आणि त्याची दांडी खडखडते, तिला तारेने घट्ट बांधा किंवा सरळ काढा. मूळ मशीनची लाकडी फळी मात्र वापरू नका. तिच्यात मशीनसाठी भोक आणि बिजागरीची झडप असते, ती प्रत्येक खर्जाबरोबर बोलते.

स्लॉटेड (ओळीने भोकं असलेल्या) अँगलच्या रॅकला कोपऱ्यात त्रिकोणी पट्ट्या लागतात, त्या बहुतेकांनी दुकानात नको म्हटलेल्या असतात. आठही कोपऱ्यांत त्या लावा. पत्र्याच्या फळ्या वाजतात, त्यांच्या खालून जुन्या गालिच्याचे तुकडे चिकटवा आणि वर लाकडी फळी टाका.

खिळ्यांनी जोडलेलं लाकूड सुटतंच, कारण ओल येता-जाता लाकूड फुगतं आणि आक्रसतं आणि खिळा हळूहळू मोकळा होतो. पावसाळ्यात येणारा आणि नंतर जाणारा त्रास बहुधा याच सांध्यांचा. पाय आणि फळी यांच्या मुख्य जोडांना नट-बोल्ट आणि रुंद वॉशर वापरा, जे नंतर परत आवळता येतात. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोका, रात्रभर वाळू द्या आणि मग नवा स्क्रू मारा.

लाकूड नेमकं काय आहे

खडूची खूण वरच्या फळीवर असेल तर फळीच बघायला हवी. फ्लश (दोन्ही बाजूंनी सपाट) दरवाजा पुष्कळदा आतून पोकळ असतो. अशा दरवाजाची फळी म्हणजे सुताराने करून दिलेला ढोल, त्याच्यावर प्लेअर ठेवू नका. जुन्या सागवानी दरवाजात चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली लाकडी तावदानं असतात, ती मुद्दामच सैल ठेवतात, म्हणजे पावसाळ्यात फुगली तरी चौकट फुटत नाही. स्टँडसाठी ती नकोत, चौकटीचे जाड उभे दांडेच घ्या. त्याच दरवाजातलं सर्वात चांगलं लाकूड ते असतं.

स्वयंपाकघर तोडल्यावर निघणारं प्लाय बघताना कडेचा किंवा पाठीचा शिक्का शोधा. आयएस ७१० म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लाय, आयएस ३०३ म्हणजे साधं. ७१० चं जुनं प्लाय नव्या साध्या प्लायपेक्षा बरं. भुशाचा पार्टिकल बोर्ड मात्र ओलीने एकदा फुगला की परत बसत नाही आणि त्यात स्क्रू धरत नाही, तो फुकट मिळाला तरी घेऊ नका.

पॅलेटचं लाकूड बहुधा मऊ पाइन. आवळलेला बोल्ट त्यात रुतत जातो आणि स्टँड परत सैल होतं, म्हणून वॉशर मोठा हवाच. त्याच्यावरचा शिक्का वाचा: एचटी असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे, एमबी असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने. एमबी घरात आणू नका. लाकडाखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर भुंगेरा आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. असं लाकूड स्टँडसाठीच काय, घराच्या दारातही ठेवायचं नाही.

ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात किंवा दारुखान्याला जाणार असाल तर खिशात छोटं चुंबक ठेवा. जुन्या तुळयांत तुटलेले खिळे खोलवर असतात आणि तुमच्या सुताराचा रंधा त्यावर गेला तर तो पुढच्या वेळी फोन उचलणार नाही.

वजन आणि रबर, शेवटी

मुद्दाम शेवटी, कारण लोक सुरुवात इथूनच करतात. “वर जाड कडप्पा टाक, हलणारच नाही,” असं प्रत्येक जण सांगतो. डोलणाऱ्या स्टँडच्या डोक्यावर वजन ठेवलं तर ते आणखी हळू आणि आणखी लांब डोलतं. म्हणजे तुम्ही त्याला पावलांच्या धक्क्याच्या आणखी जवळ नेता. आधी चौकट ताठ, मग वजन, आणि तेही आधी तळाला. एलपी तळाच्या कप्प्यात ठेवा: कव्हरसकट शंभर रेकॉर्डचं वजन सहज वीस-पंचवीस किलो भरतं, आणि ते फुकटातलं वजन आहे. कप्प्याची आतली उंची ३३ सेंटीमीटर तरी ठेवा, कव्हर साडेएकतीसच्या आसपास असतं.

चौकट ताठ झाल्यावर कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा खरंच काम करतो. ओटा बदलणाऱ्यांच्या दारात असे तुकडे पडलेले असतात. २० मिलिमीटर जाडीच्या एका चौरस फुटाचं वजन साधारण पाच किलो, म्हणजे दीड फूट बाय सव्वा फुटाचा तुकडा नऊ-दहा किलोचा. तो थेट फळीवर ठेवला तर दगडही वाजतो, म्हणून खाली काहीतरी मऊ हवं. स्क्वॉशचे चेंडू अर्धे कापून चारही कोपऱ्यांना, सपाट बाजू खाली, हा परवडणारा मार्ग. रुळांजवळच्या इमारतीत मी लहान मुलांच्या सायकलची ट्यूब वापरतो. तिच्यात अगदी थोडी हवा भरायची, इतकी की दगड तरंगेल पण ट्यूब टणक होणार नाही. हवा उतरत राहते, अधूनमधून पंप मारून पाणसळ परत लावावी लागते. एवढा खटाटोप झेपणार नसेल तर चेंडूच बरे.

एक अपवाद घट्ट लक्षात ठेवा. ज्या प्लेअरची यंत्रणा स्वतःच मऊ स्प्रिंगवर तरंगते, उदाहरणार्थ थोरेन्स टीडी १६०, त्याच्या खाली ट्यूब किंवा चेंडू नकोत. एका स्प्रिंगखाली दुसरी स्प्रिंग आली की दोघी मिळून जास्त नाचतात. अशा प्लेअरला हलकी, ताठ फळी लागते, आणि लाकडी जमिनीवर तर सरळ भिंतीवरची फळी.

रिसीव्हर किंवा वॉल्व्हचा अँप्लिफायर त्याच स्टँडवर असेल तर त्याच्या वर चार बोटं नाही, वीतभर मोकळी जागा ठेवा. पाठीचं प्लाय त्या कप्प्यापुरतं कापून टाका.

इथे थांबा

भिंतीवरची फळी हा चाळीतल्या उडणाऱ्या सुईवरचा सर्वात खात्रीचा उपाय आहे, कारण भिंत पावलांनी हलत नाही. पण भोक पाडण्याआधी भिंत ओळखा. नऊ इंची विटांची भार पेलणारी भिंत चालते. दोन खोल्यांमधली पातळ किंवा लाकडी पार्टिशनची भिंत चालत नाही. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीत पसरणारा अँकर फास्टनर विटा फोडतो. ड्रिल मारताना भुगा लाल विटेऐवजी नुसता पांढरा, भुसभुशीत येत राहिला, किंवा गिलाव्याचा पापुद्रा सुटला, तर ड्रिल खाली ठेवा आणि अशा इमारतींत काम केलेल्या गवंड्याला बोलवा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडायचं नाही, वायरी तिथूनच जातात.

जमीन पायाखाली मऊ लागते, तुळईच्या टोकाशी वाळवी किंवा ओल दिसते, किंवा एका बाजूला उतार वाढतोय, तर हा गाण्यांचा प्रश्न राहिलेला नाही. कडप्पा उतरवा, रेकॉर्डचं कपाट त्या बाजूने हटवा आणि इमारतीची तपासणी करून घ्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर लागणाऱ्या) इमारती ‘अ’ वर्गात येतात आणि त्यांच्या दुरुस्तीचं काम म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ बघतं. पागडीच्या खोलीत राहत असाल तर मालकाशी तोंडी बोलून सोडू नका, लेखी तक्रार द्या.

प्लेअरच्या किंवा अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पिन काढा आणि तो सेट परत लावू नका. जुने सेट दोन पिनांचे, अर्थिंगशिवाय असतात, आणि लोखंडी रॅकवर ठेवला की सगळा रॅकच करंट देऊ लागतो. आधी इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या, मग सेट तंत्रज्ञाकडे. वॉल्व्हच्या सेटचं मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही. आत काहीशे व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात.

हेडफोनवरही खालच्या पट्टीतली घरघर ऐकू येते आणि रेकॉर्ड थांबवली की थांबते, तर ती मोटरची, बेअरिंगची किंवा कडक झालेल्या रबरी चाकाची आहे. लॅमिंग्टन रोडच्या बाजूला अजून असं काम करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे जाताना कागदावर इतकं लिहून न्या: थांबलेल्या रेकॉर्डच्या चाचणीत काय झालं, हेडफोनवर काय ऐकू आलं, थाळी पाणसळीत आहे का, ट्रान्झिट स्क्रू सोडवलेत का. प्लेअर नेताना ते स्क्रू परत आवळा, थाळी काढून वेगळी न्या आणि आर्म दोऱ्याने बांधा. टॅक्सीच्या डिकीत नको, मांडीवर.